माझगावचे जुने रस्त्यावरचे फोटो आणि आमचे चिनी आजोबा (ओळखायला मदत हवी)

माझगावची पोर

नमस्कार मंडळी. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, चिनी होते. कॅन्टनकडचे. जहाजावर खलाशी म्हणून मुंबईला आले आणि माझगावात उतरले ते इथलेच झाले. आजी गुहागरकडची, तिचे वडील गोदीत कामाला होते. आम्ही आजोबांना येये म्हणायचो आणि आजीला आजीच. घरात मराठीच चालायची, येयेंची मराठी पण आजीसारखीच कोकणी हेल काढून. बाबा गेले मागच्या वर्षी, त्या पिढीतली आता फक्त आत्या आहे आणि तिच्या ट्रंकेतून एक अल्बम निघालाय. त्यातले तीन फोटो खाली टाकतेय.

पहिला चौकोनी आहे. भर रस्त्यात काढलेला, येये, आजी नऊवारीत, बाबा हाफपँटमध्ये आणि येयेंच्या खांद्यावर बसलेली आत्या. मागे एक गाडी अर्धी दिसते, वर बऱ्याच तारा आहेत. कोणी काढला कुणालाच माहीत नाही. दुसऱ्यात सगळे चिनी पुरुष, एका दुमजली घरासमोर ओळीने उभे, एकाच्या हातात छत्री, डावीकडून दुसरे तरुण ते येये. पाठीवर चिनी अक्षरं आहेत. तिसरा पत्त्याएवढा आहे आणि त्यात काहीच कळत नाही, चेहरे काळेकुट्ट, केस पांढरे. आत्या म्हणते खराब झालाय, टाकून दे. मी टाकला नाही.

मला हे हवंय की हे कुठले, कधीचे, आणि दुसऱ्या फोटोतली माणसं कोण. माझगाव, डॉकयार्ड रोड, नवाब टँक, कामाठीपुऱ्याची शुक्लाजी स्ट्रीट इकडचं कुणी असेल तर प्लीज बघा. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवलंत तरी चालेल.

शिवडीकर

ताई, फार छान धागा काढलात. आमचे आजोबा पण गोदीतलेच. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ते दुपारपाळीला होते, वाचले. ते सांगायचे की त्या वर्षांत गोदीत चिनी खलाशी खूप असायचे, लढाईमुळे जहाजं अडकलेली, माणसं महिनोन्महिने किनाऱ्यावर. तुमचे येये त्यातलेच की आधीचे?

दुसरा फोटो नवाब टँक रोडच्या चिनी देवळाचा असेल का? १९१९ सालचं आहे ते, सी युप कून म्हणतात, वरच्या मजल्यावर क्वान कुंगचं देऊळ. बाहेरून साधं घरच वाटतं, मी लहानपणी कितीदा त्यासमोरून गेलोय. चिनी नवीन वर्षाला मात्र रात्री लाल कागदी कंदील लागायचे आणि सगळी गल्ली बघायला जमायची, आम्ही पोरं सगळ्यात पुढे.

ट्रामप्रेमी

पहिल्या फोटोबद्दल. वरच्या तारा झूम करून बघितल्या. ट्रामला डोक्यावर एका दिशेला एकच तार लागते, कारण करंट परत जायला खाली लोखंडी रूळ असतात. तुमच्या फोटोत तारा जोडीजोडीने आहेत आणि रस्त्यावर रूळ नाहीत. म्हणजे ही ट्रॉलीबस. रबरी टायरवर चालायची, रूळ नाहीत म्हणून तिला दोन तारा लागायच्या, छतावर दोन दांडे. बेस्टने मुंबईत ट्रॉलीबस चालवली ती गोवालिया टँक ते माझगाव डॉक, जून १९६२ मध्ये सुरू केली आणि १९७१ मध्ये बंद केली. म्हणजे जागा त्याच रस्त्यावरची, आणि फोटो जून ६२ च्या आधीचा असूच शकत नाही.

गाडीची पाटी अर्धीच दिसतेय पण पहिली दोन अक्षरं एमआर वाटतात. बीएम असती तर काहीच सिद्ध झालं नसतं, जुन्या मुंबई राज्याच्या पाट्या नंतरही फिरत होत्याच. एमआर म्हणजे महाराष्ट्र झाल्यानंतरची. सगळं जुळतंय.

खांद्यावरची आत्या किती वर्षांची वाटते? तिचं जन्मसाल सांगा, वर्ष अजून नेमकं करता येईल.

माझगावची पोर

ट्रामप्रेमी, तुमचे किती आभार मानू. आत्याचा जन्म १९५८ चा. फोटोत ती चारेक वर्षांची दिसते, पाच म्हणायला पण जीव होत नाही. म्हणजे ६२ च! आता मला तिच्याशी परत बोलायला हवं. कारण ६२ म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट आठवते आणि ती कुणी बोलत नाही.

शिवडीकर, येये लढाईच्या आधी आले, बाबा म्हणायचे ३७-३८ साल. स्फोटाच्या वेळी माझगावातच होते, घराची काचतावदानं फुटली एवढंच सांगायचे.

अंधारखोली

तिसरा फोटो टाकू नका! तो खराब झालेला नाही. तो कागदी निगेटिव्ह आहे, मिनिट कॅमेऱ्याचा.

गेटवेला, चौपाटीला, जत्रेत तीन पायांवर लाकडी पेटी घेऊन फोटोवाले बसायचे. पेटीच्या आतच डेव्हलपर आणि हायपोच्या ताटल्या असायच्या, एका बाजूला कापडी बाही, त्यातून हात घालून अंदाजाने सगळं काम. फिल्म नाहीच, थेट कागदावर फोटो घ्यायचा. तो निघतो उलटा, काळ्याचं पांढरं. मग तोच ओला कागद लेन्ससमोरच्या पट्टीला चिकटवून त्याचा पुन्हा फोटो काढायचा की झाला सुलटा, तो गिऱ्हाइकाला. निगेटिव्ह बहुतेक वेळा तिथंच फेकला जायचा. तुमच्याकडे तो राहिला म्हणजे एकतर कुणी हौसेने मागून घेतला, किंवा सुलटा फोटो दुसऱ्या कुणाला दिला आणि हा स्वतःकडे ठेवला.

मोबाईलमध्ये रंग उलटे करा, कुठल्याही फोटो ॲपमध्ये होतं. आणि डावं-उजवं पण पालटा, कागदी निगेटिव्हमध्ये ते आरशासारखं उलट असतं. तुमच्या स्कॅनमध्ये बाईचा पदर उजव्या खांद्यावर दिसतोय, नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर येतो, म्हणजे पालटायलाच हवं. पाठीवर काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा, ६०० डीपीआयला. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर ओढून काढू नका, पानासकटच स्कॅन करा.

माझगावची पोर

केलं. हात थरथरत होते.

आजी आहे. लग्नाआधीची किंवा नुकतं लग्न झालेली, नाकात नथ, कपाळावर मोठं कुंकू, आणि शेजारी येये, कोट घातलाय आणि हातात टोपी. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महाल आणि कारंजं. दोघांमध्ये एक हात अंतर. आजीचा तरुणपणचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता, बाबांनी कधीच पाहिला नाही. आत्याला व्हॉट्सॅपवर पाठवला तर तिचा फोन आला आणि काही बोललीच नाही, नुसती रडत होती. मी पण.

अंधारखोली, तुम्ही म्हणालात की सुलटा कुणाला दिला असेल. आत्या म्हणते आजीच्या घरच्यांनी हे लग्न बरीच वर्षं मानलं नव्हतं, पण आजीची आई गुपचूप निरोप घ्यायची-द्यायची. तिलाच पाठवला असणार. गुहागरला मामेआजोबांकडे विचारते आता.

सातारी

थोडं अवांतर, पण महाबळेश्वरला चायनामन फॉल आहे ना, ते नाव चिनी कैद्यांवरून पडलं. इंग्रजांनी मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी तिथल्या तुरुंगात ठेवले होते, ते भाज्यांचे मळे करायचे. महाराष्ट्रात चिनी माणसं आपण समजतो त्यापेक्षा खूप आधीपासून आहेत. त्या लोकांचे मात्र फोटोच नाहीत.

व्हँकुव्हरची सून

मी कॅनडात असते, माहेर डोंबिवली. माझ्या नवऱ्याचं घराणं तोयसानचं, आणि मुंबईतल्या देवळाचं नाव सी युप वाचून चमकलेच. सी युप म्हणजे कॅन्टनजवळचे चार तालुके, तोयसान त्यातलाच एक. इथल्या जुन्या चिनी घरांतली बहुतेक माणसं त्याच चार तालुक्यांतून आलीत. म्हणजे एकाच गावाकडचा एक भाऊ मुंबईच्या जहाजावर आणि एक व्हँकुव्हरच्या, असं सहज होऊ शकतं.

इथे पण रस्त्यावरचे फोटो हाच चिनी घरांचा मोठा ठेवा आहे. फोन्सी पुलिस नावाचा फोटोग्राफर होता, १९३४ पासून १९७९ पर्यंत ग्रॅनव्हिल स्ट्रीट, हेस्टिंग्ज स्ट्रीटवर चालत्या माणसांचे फोटो काढायचा आणि हातात चिठ्ठी द्यायचा, दुसऱ्या दिवशी पैसे देऊन प्रिंट न्यायची. स्टुडिओत जायला ज्यांच्याकडे ना पैसे ना वेळ, त्यांचेही फोटो त्यामुळे झाले. सासूबाईंच्या आजोबांचा तसा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, सूट घालून एकटेच ऐटीत चाललेत. एकटेच, कारण बायको गावाकडे. चिनी माणसाला कॅनडात शिरायलाच आधी कर होता, १९०३ पासून ५०० डॉलर, आणि १९२३ मध्ये कायदा करून येणंच बंद केलं ते १९४७ पर्यंत. चोवीस वर्षं. गावी पाठवायला म्हणून ते असे फोटो काढून घ्यायचे, की बघा मी बरा आहे, अंगावर चांगले कपडे आहेत.

तुमच्या दुसऱ्या फोटोची पाठ टाका, सासूबाई वाचतील. त्या ८० च्या पुढच्या आहेत पण नजर पक्की आहे.

माझगावची पोर

टाकली. डावीकडे उभी ओळ आहे आणि उजवीकडे छोटी.

व्हँकुव्हरची सून

वाचलं त्यांनी. उजवीकडे वर्ष आहे, २७. हे त्यांचं प्रजासत्ताकाचं साल आहे, १९१२ हे पहिलं वर्ष, म्हणजे २७ मध्ये १९११ मिळवायचे. १९३८. महिना आठवा. डावीकडे लिहिलंय, "आईस, मुलगा मुंबईत कुशल आहे." खाली नाव आहे पण शाई पसरलीय, पहिलं अक्षर आडनावाचं, ते मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय, बघा जुळतं का.

सासूबाईंनी अजून एक सांगितलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये जपान्यांनी कॅन्टन घेतलं. आठव्या महिन्यात लिहिलेला फोटो तुमच्याकडेच राहिला, आईकडे गेला नाही, त्याचं कारण हेच असेल असा त्यांचा अंदाज. त्यांच्या घरी पण त्या वर्षीची पत्रं मधेच थांबलीत.

शिवडीकर

अरे देवा. १९३८ म्हणजे डॉ. कोटणीसांचं वर्ष. १ सप्टेंबर १९३८ ला आपलं वैद्यकीय पथक मुंबईहूनच बोटीने चीनला निघालं. सोलापूरचे कोटणीस, नागपूरचे चोळकर. त्या वेळी मुंबईतल्या चिनी लोकांना काय वाटलं असेल. इकडची माणसं तिकडे मदतीला निघालीत आणि आपल्याला आईला साधा फोटो पाठवता येत नाही.

माझगावची पोर

आडनाव जुळलं.

काल दिवसभर आत्याकडे होते. पहिला फोटो समोर ठेवला, ट्रामप्रेमींनी सांगितलेलं सगळं वाचून दाखवलं, ट्रॉलीबस म्हटल्यावर तिला एकदम आठवलं. नवीन बस बघायला म्हणून येये सगळ्यांना घेऊन गेले होते, खाली पोचल्यावर गल्लीतल्या एका कॅमेरावाल्या मुलाने हाक मारून थांबवलं. गणपतीच्या आसपास, अंगावर नवीन फ्रॉक होता म्हणून तिला पक्कं लक्षात आहे. मग दोन महिन्यांत चीनशी लढाई. २० ऑक्टोबरला सुरू झाली आणि त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटीच होती. आत्याला बाकी काही कळत नव्हतं, पण येये दिवाळीत घराबाहेर पडले नाहीत आणि आजी दाराची कडी लावून बसायची. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू कडी वाजवून फराळाचं ताट आत देऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी अजून एक. शाळेत मात्र बाबांना पोरं नको ते बोलायची, बाबा मारामारी करून यायचे. येयेंना पोलिसांकडे हजेरी लागली. मुंबईबाहेर जायचं तर परवानगी. आजीची आई गेली तेव्हा आजी दोन्ही मुलांना घेऊन एकटी गुहागरला गेली, येयेंची परवानगी येईपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं. सासूचं शेवटचं दर्शन राहिलं हे ते मरेपर्यंत बोलायचे, असं आत्या म्हणते. ज्या बाईने लग्न मान्य केलं नव्हतं तिच्यासाठी.

आणि मग आम्ही दोघींनी अल्बम पुन्हा पहिल्यापासून बघितला. ६२ च्या त्या फोटोनंतर येयेंचा रस्त्यावरचा एकही फोटो नाही. एकही. आधी बघा, भाऊचा धक्का, राणीचा बाग, चौपाटी, देवळासमोर, गल्लीत क्रिकेट. नंतर येयेंचे फोटो आहेत ते फक्त कागदपत्रांसाठी काढलेले, समोर बघणारे, कॉलरचं बटण लावलेले, दर काही वर्षांनी एक. त्यातल्या त्यात एक बाबांच्या लग्नातला, तोही स्टुडिओतला. आजी आणि मुलं रस्त्यावर आहेत पण येये नाहीत. मी एवढी वर्षं हा अल्बम अधूनमधून चाळलाय, बाबांबरोबर पण, आणि त्यात एक माणूस रस्त्यावरून नाहीसा होतो हे वर्षांचा मेळ लागला तेव्हाच दिसलं.

कोर्टनाका

तुमच्या आत्याचं वाचून गप्पच झालो. थोडी माहिती देतो, कारण घरातल्या माणसांना वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी कमी होतं.

१९६२ च्या ऑक्टोबर अखेरीला वटहुकूम निघाला, नंतर त्याचा कायदा झाला. भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा जो कधीकाळी नागरिक होता तोच नव्हे, तर ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी एक जरी तसं असेल तर त्यालाही परदेशी लोकांचे निर्बंध लावायची त्यात सोय होती. म्हणजे तुमची चार वर्षांची आत्या पण, माझगावात जन्मली, आई गुहागरची, तरी त्या व्याख्येत. आसाम, दार्जिलिंग, कालिम्पाँगकडच्या चिनी घरांना तर उचलून आगगाडीने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं, साधारण ३००० माणसं, काही १९६७ पर्यंत तिथेच होती. बरीच जण तिथूनच मद्रासमार्गे जहाजाने चीनला गेली, ज्यांनी चीन कधी पाहिलाही नव्हता अशी मुलं सुद्धा. त्याच वर्षी बँक ऑफ चायनाच्या मुंबई-कलकत्त्याच्या शाखा बंद झाल्या, म्हणजे गावी पैसे पाठवायचा सरळ रस्ता पण गेला.

येयेंच्या नोंदणीच्या पुस्तकात तारखांचे शिक्के असतील, ते जपून ठेवा. अल्बममधल्या रिकाम्या जागा त्यावरून भरतील.

कोकणकडा

माझगावची पोर, तू एक कर. कागदपत्रांचे जे फोटो आहेत ते पण अल्बममध्ये लाव, वेगळ्या पाकिटात ठेवू नकोस. माझ्या मते तेही घरचेच फोटो आहेत, तोच माणूस आहे. आणि ज्या काकूंनी फराळ दिला त्यांच्या घरी जुने फोटो असतील का विचार. आपल्या फोटोत नसलेला माणूस शेजाऱ्यांच्या मुंजीत, बारशात, गच्चीवर कुठेतरी मागे उभा सापडतो. आमच्या वडिलांचे अर्धे फोटो असेच शेजाऱ्यांकडून मिळाले.

व्हँकुव्हरची सून

सासूबाई विचारतायत, येयेंची कबर कुठे आहे? आपल्या लोकांच्या दगडावर नुसतं नाव नसतं, तालुका आणि गाव पण कोरतात. त्यावरून पुढचा शोध घेता येतो, तिकडे गावोगावी वंशावळीची पुस्तकं ठेवलेली असायची, बरीच अजून आहेत.

माझगावची पोर

अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत. आत्या दर एप्रिलला जाते, दगड धुते, संत्री आणि उदबत्त्या ठेवते, येये स्वतः त्यांच्या मित्रांसाठी हेच करायचे. मी लहानपणी जायचे मग सुटलं. रविवारी दोघी जाऊन आलो. अक्षरांत माती भरलेली, ओल्या फडक्याने पुसून तिरक्या उन्हात फोटो काढले म्हणजे खोदकाम नीट उठून दिसतं, अंधारखोलींनी निरोपात सांगितलं होतं तसं. टाकतेय.

कोकणकडा, काकू नाहीत आता, पण त्यांचा मुलगा विरारला असतो. फोन केला. तो म्हणाला, "अगं येयेकाका आमच्या गच्चीवरच्या सगळ्या फोटोंत आहेत, पतंग कोण बनवून देणार होतं आम्हाला?" ६४, ६५, ६८. गच्चीवर. स्कॅन करून पाठवतोय.

व्हँकुव्हरची सून

दगड स्पष्ट वाचता आला. तालुका सुनवुई, चारांतलाच एक, तोयसानच्या शेजारचा. गावाचं नाव पण आहे, निरोपात पाठवते. सासूबाईंच्या ओळखीचे एक जण त्याच भागातले आहेत, ते पुढच्या महिन्यात तिकडे जाणार आहेत. १९३८ च्या फोटोची चांगली प्रिंट काढून पाठवलीत तर ते गावात दाखवतील. येयेंच्या आईचं कुणी असेल तर. पाठीमागचा मजकूर पण छापा, तसाच, त्यांच्या अक्षरात.

अंधारखोली

प्रिंट मी काढून देतो. पुण्यात असतो, मूळ फोटो कुरियरने पाठवू नका, स्कॅनच पुरे आहे. मॅट कागदावर काढतो, दोन्ही बाजू. पैसे नकोत.

माझगावची पोर

काय बोलू. अंधारखोली, पत्ता पाठवला आहे.

आता राहिली दुसऱ्या फोटोतली बाकीची माणसं. शिवडीकर देवळात जाऊन दरवाजा आणि खिडक्या जुळवून आले, त्यांच्या मते तेच घर आहे, फक्त खालचा जिना बदललाय. तिथल्या जुन्या माणसांना छत्रीवाला ओळखीचा वाटला, दाताचा दवाखाना होता म्हणे त्याचा, पण नाव आठवेना. उजवीकडून तिसऱ्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, तोही कुणाला तरी आठवत असेल. तुमच्यापैकी कुणाच्या घरात, शेजारात, कामाठीपुरा, ग्रँट रोड, कुलाबा कुठेही १९३८ च्या सुमारास आलेला चिनी माणूस होता का? मोठा स्कॅन सगळ्यात वर जोडलाय, प्रत्येकावर डावीकडून नंबर टाकलेत. दोन नंबर येये. बाकीच्यांच्या घरच्यांनाही त्यांचा फोटो मिळायला हवा.